पायधुणीची पैज

माझ्यामुळं हिमालयातली एक वाट दीड तास बंद होती.

घरातले लोक ही गोष्ट पाहुण्यांना चहाबरोबर सांगतात आणि दरवेळी मेंढरांचा आकडा वाढवतात. माझा मुलगा दत्ता परवा सातशे म्हणाला! मेंढरं तीनशे होती. मी धनगराची लेक आहे, मेंढरांचा अंदाज मला कुणी शिकवू नये. म्हटलं, आता आपणच लिहून टाकावं. शाळा माझी चौथीपर्यंत झाली. पाचवी का केली नाही, असं लोक विचारतात. पाचवीची शाळा लासूर स्टेशनला होती आणि मेंढरं आमच्या गावात होती, म्हणून.

तर या भांडणाचं मूळ हिमालयात नाही. ते माझ्या टाचांत आहे.

माझी सून मुक्ता गारखेड्याची. तिच्या घरातले जुने लोक भटजी आणि कारकून, आणि तिची आई शैलजाताई हायस्कुलात मराठीच्या बाई होत्या. आता रिटायर झाल्यात, पण ते फक्त शाळेपुरतं. आमच्या दुधवाल्याच्या चिठ्ठीतसुद्धा त्या लाल पेनानं ऱ्हस्व-दीर्घ सुधारतात.

आमच्यात लग्नात वरमाईचे पाय धुतात. मुलीच्या आईनं मुलाच्या आईला पाटावर बसवायचं, पाय परातीत घ्यायचे, कोमट पाण्यानं धुवायचे, हळदकुंकू लावायचं. माझ्या आईनं माझ्या सासूचे पाय धुतले, तेव्हा सासू अशी बसली होती की जशी जिल्ह्याची कलेक्टर! ते बघून मी ठरवलं होतं, आपलाही दिवस येईल. दत्ताच्या लग्नाआधी आठ दिवस मी वजरी घेऊन टाचा घासल्या. घरातली वजरी झिजली, शेजारणीची आणली. टाचा अशा झाल्या, की फरशीवरून पाय घसरायला लागला. नवी जोडवी घातली, मांडवात पाटावर जाऊन बसले आणि पाय पुढं केले.

शैलजाताईंनी हात जोडले. "विहीणबाई, आम्ही हे पाय धुणं वगैरे मानत नाही हं! माणसानं माणसाचे पाय का धुवायचे? त्यापेक्षा आपण दोघी मैत्रिणी होऊ या!"

मैत्रिणी! आठ दिवस टाचा घासलेल्या बाईला मैत्रीण घेऊन काय करायचंय?

त्याला सहा वर्षं झाली. मी हा विषय फक्त सणावारी काढते. (आणि नात्यातल्या बारशाला. आणि वाढदिवसाला. आणि एकदा त्यांच्या डोळ्याच्या ऑपरेशनच्या दिवशी. त्या पट्टी बांधून गप्प पडल्या होत्या, अशी संधी परत कधी मिळाली असती?)

गेल्या दिवाळीत त्या फराळाला आमच्याकडं बजाजनगरला आल्या होत्या. मुक्तानं जाहीर केलं, "दिवाळी झाली की आपण चौघं हिमाचलला जायचं. चार दिवस डोंगर, थंडी, आणि एक छोटासा ट्रेक. चार किलोमीटरचा. वर गेलं की बर्फाची शिखरं अगदी समोर!"

शैलजाताईंनी आधी मनगटावरचं घड्याळ बघितलं. ते घड्याळ पावलं मोजतं. त्या रोज सकाळी मैदानाला फेऱ्या मारतात आणि आठ हजार पावलं झाली की मला फोन करून सांगतात. मग त्यांनी माझ्या गुडघ्याकडं बघितलं.

"विहीणबाईंना झेपेल का गं? तिकडे खेचरं मिळतात म्हणे. त्यांना एक खेचर करू या."

माझ्या हातातला चकलीचा तुकडा तिथंच मोडला.

"खेचरावर तुम्ही बसा," मी म्हणाले. "मी मेंढरांमागं डोंगरच्या डोंगर पायाखाली घातलेत. कुणी मोजायला नव्हतं, म्हणून काय पावलं पडली नायत व्हय?"

(यात एक गोष्ट मी सांगितली नाही. मेंढरांमागं चालले तेव्हा मी बारा वर्षांची होते. त्यानंतर लग्न, आणि बजाजनगरातला पहिला मजला. सोळा पायऱ्या. माझा डावा गुडघा चार वर्षांपासून प्रत्येक पायरीला मला शिव्या देतो.)

"मग पैज!" शैलजाताई म्हणाल्या. "तुम्ही खेचरावर बसलात, तर त्या पाय धुण्याचं नाव पुन्हा तोंडातून काढायचं नाही. जन्मात!"

"आणि तुम्ही बसलात तर?"

"तर धुते तुमचे पाय. परातीत!"

दत्ता म्हणाला, "माय, तू हो म्हणू नको." त्यामुळं मला हो म्हणावंच लागलं.

मी तयारी केली. सगळे बाहेर गेले की तव्यावर खडे मीठ भाजायचं, फडक्यात बांधायचं आणि गुडघा शेकायचा. हा शेक माझा फार दिवसांचा. निघताना किलोभर खडे मीठ फडक्यात घट्ट बांधून घेतलं. हॉटेलात मीठ मागितलं असतं तर चार लोकांत गुडघ्याची बातमी झाली असती. पिशवीत मुक्ताचा हात लागला.

"माय, हे काय?"

"मीठ."

"मीठ? हिमाचलात मीठ मिळत नाही का?"

"नजर काढायला लागतं. तुझ्या आईला आठ हजार पावलांची नजर लागते."

कार्तिक संपत आला होता. आमच्याकडं या दिवसांत ज्वारी गुडघ्याएवढी असते आणि दुपारी पंखा लागतो. तिथं गवत वाळून पिवळं झालेलं, ऊन नुसतं दिसायला, आणि सकाळी नळाचं पाणी हाताला चावायचं. मी दोन स्वेटर घातले, वर शाल, आणि खोलीत शैलजाताईंच्या हाती लागायला नको म्हणून मिठाची पोटली ओच्यात खोवून स्वेटरखाली दडवली. शैलजाताई पायात बूट, दोन्ही हातांत दोन काठ्या, डोक्याला पट्टी. युद्धावर निघालेली मराठीची बाई!

पहिला अर्धा किलोमीटर मी पुढं होते. खरंच. मग गुडघ्यानं तोंड उघडलं.

मी थांबायची कारणं काढायला लागले. आधी देवदाराचं झाड बघितलं. मग दरी बघितली. मग तीच दरी दुसऱ्या बाजूनं बघितली.

"विहीणबाई, दमलात का?" वरून आवाज आला.

"नाय, निसर्ग बघते!"

"बघा, बघा! आम्ही जातो पुढे!"

दत्ता सोबत रेंगाळत होता, त्यालाही मी पुढं पाठवलं. मुलासमोर कण्हता येत नाही. पण एक सोबती जाईना. एक खेचरवाला सकाळपासून पन्नास पावलं मागं रिकामं खेचर घेऊन येत होता. मी थांबले की तो थांबायचा. मी चालले की तो चालायचा. मी मनात म्हटलं, हे गिधाड माझ्या पडण्याची वाट बघतंय!

"क्या देखता रे?" मी ओरडले. "नहीं बैठती मैं! जा पुढं!"

तो हसला आणि तिथंच उभा राहिला.

अर्ध्या वाटेवर एक चपटा दगड दिसला, त्यावर बसले आणि मनातल्या मनात दोन शिव्या दिल्या. तेवढ्यात वरून तो आवाज आला. घंटांचा. आणि त्यामागं तो वास.

साठ वर्षांनी वास आला तरी मी एका श्वासात ओळखला. मेंढरं!

तिकडचे धनगर थंडी सुरू झाली की कळप घेऊन उंचावरून खाली उतरतात. वाटेच्या वळणावरून पांढरी, काळी, तपकिरी मेंढरं ओहोळासारखी खाली येत होती. मधे शेळ्या, लांब शिंगांचे बोकड, आणि एक केसाळ कुत्रा, शाळा तपासणीस यावा तसा माझ्याकडं रोखून बघणारा. धनगर अजून वरच, वळणापलीकडं.

आता खरं ते सांगते. मला बसून राहायला कारण पाहिजे होतं. आणि हात माणसाला विचारून चालत नाहीत. माझ्या हातानं पोटली काढली, गाठीच्या फटीतून मूठभर मीठ ओढलं, चपट्या दगडावर पसरलं आणि पोटली परत ओच्याला गाठ मारून बांधली. मेंढराला मीठ देतात ते असंच, दगडावर. आमच्याकडंही. तोंडानं आपोआप आवाज निघाला, "हुर्र्र, ये, ये!"

आवाज त्यांना कळला नसावा. मीठ कळलं.

एक मेंढी आली. चाटलं. मग दहा आली. मी खूश! म्हटलं, बघा म्हणावं, रक्तात असावं लागतं! मग पन्नास आली. दगड दिसेनासा झाला. मग माझे पाय दिसेनासे झाले. मीठ संपलं तशी त्यांनी हुंगायला सुरुवात केली आणि सगळ्यांना एकाच वेळी पत्ता लागला, की गोदाम माझ्या स्वेटरखाली आहे.

एका शेळीनं माझ्या छातीवर दोन पाय ठेवले. दुसरीनं शालीचं टोक खायला घेतलं. मी पोटली फेकून द्यावी म्हटलं, तर ती ओच्यात अशी अडकली होती की सुटेना! एका बोकडानं दातानं फडकं फाडलं आणि भोकातून मीठ गळायला लागलं. बारीक धार. मला वाटलं, संपलं, आता ही मला मिठासकट खातात.

"माताजी! बैठो!" खेचरवाला मेंढरं बाजूला सारत आला.

"नहीं बैठूंगी! पैज लगी है!"

"क्या लगी है?"

"पैज! शरत! तुमकू नहीं समझनेका!"

तेवढ्यात मागून बोकडानं अशी ढुशी दिली, की मी आडवी खेचरावर गेले. खेचरवाल्यानं पाय धरून मला सरळ केलं. हे नीट लक्षात घ्यावं. मी खेचरावर बसले नाही. मला बसवण्यात आलं!

खेचराला रोजची सवय, की पाठीवर वजन पडलं की वर चालायचं. ते चाललं. भोकातून मिठाची धार वाटेवर पडत चालली. आणि खाली उतरणारा सगळा कळप वळला, आणि माझ्या मागं डोंगर चढायला लागला!

खालून ट्रेकवाले वर येत होते, वरून पर्यटक खाली येत होते, मधे तीनशे मेंढरं आणि सगळ्यांच्या पुढं मी. मागून धनगर ओरडत येत होता, "माताजी, नमक फेंको! नमक!"

"गाठ नहीं छुटती रे बाबा!"

गाठ मीच मारलेली. धनगराची गाठ, ती ओढली की आणखी घट्ट होते.

वर शैलजाताई, दत्ता आणि मुक्ता एका वळणावर पाणी पीत उभे होते. पुढचं संभाषण मुक्ताच्या मोबाईलात आहे. ती गावदेवाच्या मुखदर्शनासारखं सगळ्यांना दाखवते.

"दत्ता, ते काय येतंय हो?" हा शैलजाताईंचा आवाज.

"माय आहे."

"ते कळलं. मागे काय आहे?"

मग एक लांब शिंगांचा बोकड वळणावर दिसतो. मग शैलजाताईंच्या दोन्ही काठ्या जमिनीवर पडलेल्या दिसतात. मग शैलजाताई दिसत नाहीत.

पळाल्या! शेवटचा अर्धा किलोमीटर, चढावर, थेट माथ्यापर्यंत! वर चहाच्या टपरीत पोचल्या तेव्हा मनगटावरचं घड्याळ टुण्‌टुण् वाजत होतं. घड्याळानं त्यांचं अभिनंदन केलं होतं म्हणे.

माथ्यावर जो गोंधळ झाला तो थोडक्यात सांगते. लोक बाकड्यांवर चढले. एका शेळीनं टपरीतला बिस्किटाचा पुडा कागदासकट खाल्ला. माझं खेचर मधोमध उभं, भोवती मेंढरांचा समुद्र, आणि मी वर, देवीसारखी, फक्त शाल अर्धी खाल्लेली. हिमालय बघितला का, असं लोक विचारतात. बघितला. पांढरा होता.

धनगर धापा टाकत आला. मोठ्या मिशा, खांद्यावर घोंगडीसारखं काहीतरी. त्यानं दातानं गाठ सोडवली. (धनगराची गाठ धनगरालाच सुटते.) पोटली हातात घेतली, वास घेतला आणि माझ्याकडं बघितलं.

"नमक रास्ते में किसने डाला?"

"हमारे हात से गिर्‍या, बाबा."

"पत्थर पर गिरा?"

मी उरलेली शाल सारखी करायला लागले.

"आप भेड़वाली हो ना, माताजी?"

"तुमकू कैसा समझ्या?"

"दूसरा कोई होता तो रोटी देता, बिस्कुट देता। नमक, वो भी पत्थर पर, वो तो अपना ही आदमी देता है।" मग मान हलवली. "भेड़वाली होकर रास्ते में नमक?"

तिथं मात्र मला लाज वाटली. हेच वाक्य माझ्या बापानं मला म्हटलं होतं, आठ वर्षांची असताना, कानाखाली एक देऊन. मीठ मुक्कामाला द्यायचं. मेंढरू मिठाच्या आशेनं मुक्कामापर्यंत चालतं. वाटेत दिलं की ते वाट विसरतं. एवढं एकच शिक्षण मला बापानं दिलं होतं, आणि मी ते हिमालयात जाऊन विसरले!

तो पोटली दाखवत खाली निघाला आणि कळप त्याच्या मागं. अरुंद वाट, वर येणारे लोक, इतर खेचरं, सगळ्यांना कडेला अंग चोरून उभं राहावं लागलं. दीड तास. तिथून गेलेल्या प्रत्येक माणसानं वर बघून विचारलं, "वो माताजी कौन सी हैं?" आणि दत्ता प्रत्येकाला बोट करून दाखवत होता. पोटचा मुलगा!

शैलजाताईंनी केस नीट केले, पट्टी बसवली आणि गोड आवाजात म्हणाल्या, "विहीणबाई, पैज."

"बोकडानं बसवलं मला!"

"पैजेत बोकडाचं कलम नव्हतं."

मराठीच्या बाईशी वाद घालू नये. मी हरले. सहा वर्षांची पायधुणी संपली. आता कुठल्या सणाला काय बोलायचं, हाच विचार खाली येईपर्यंत डोक्यात होता. (खाली त्याच खेचरावर आले. हरल्यावर चालण्यात काय अर्थ?)

खाली उतरवताना खेचरवाला म्हणाला, "माताजी, आप गुस्सा मत होना। मैं तो सुबह से आपके लिए नहीं आ रहा था।"

"फिर किसके लिए?"

त्यानं मागून चालत येणाऱ्या डोक्याच्या पट्टीकडं बोट केलं. "वो मैडम बोली थीं, चुपचाप दूर से पीछे आना, किसी को बताना मत। थक गई तो इशारा करूंगी।"

मी त्याला तिथल्या तिथं आशीर्वाद दिला. मनात गिधाड म्हटलं होतं ते परत घेतलं.

दुपारी आम्ही दोघी हॉटेलच्या खोलीत होतो. दत्ता आणि मुक्ता जेवण सांगायला गेले होते. मी खाटेवर बसले, पाय पुढं सोडून. गुडघा नारळाएवढा सुजलेला आणि पावलं घोट्यापर्यंत लेंड्यांनी माखलेली. वाकता येत नव्हतं.

शैलजाताईंनी नाकाला रुमाल लावला. "शी! केवढा वास! धुवा ना पाय!"

"वाकता येत नाय." मी जरा थांबले. "विहीणबाई, ते खेचर लई गुणी होतं हो. सकाळपासून बिचारं रिकामंच मागं मागं. कुणी लावलं असंल?"

रुमाल हळूच खाली आला.

"मुक्ताला बोललात?"

"अजून नाय."

त्यांनी खोलीत इकडंतिकडं बघितलं. मग त्या म्हणाल्या, "इथे परात नाही."

"बादली चालंल."

त्यांनी गरम पाणी आणलं. हॉटेलवाल्याकडून मीठ मागून आणलं, त्यात टाकलं आणि समोर स्टूल घेऊन बसल्या.

"हे बघा, वास येतोय म्हणून धुते आहे. मान वगैरे काही नाही!"

"व्हय, व्हय."

"आणि त्या खेचराचं तोंडातून काढायचं नाही."

"नाय काढणार."

माझी टाच हातात घेऊन त्या दचकल्या. "अगंबाई, किती या भेगा!"

"सहा वर्षांपूर्वी धुतल्या असत्या तर गुळगुळीत होत्या!"

त्या हसल्या, मीही हसले, आणि पाणी जमिनीवर सांडलं. गुडघ्याला बाकी आराम पडला. मी कलेक्टरसारखी बसायचा प्रयत्न केला, पण अर्धी शाल आणि अंगाला लेंड्यांचा वास घेऊन कलेक्टर होता येत नाही.

दिलेला शब्द मी पाळला. खेचराचं मी आजपर्यंत तोंडातून काढलं नाही. वहीत काढलं. चौथी झालेली बाई एवढं लिहील, असं त्यांना वाटलंच नसावं!

फक्त एक अडचण आली. लिहून झाल्यावर शुद्धलेखन कुणाला दाखवायचं? ते येणारं आमच्या नात्यात एकच माणूस आहे. दोन दिवस विचार केला आणि तिसऱ्या दिवशी वही गारखेड्याला पाठवून दिली.

काल ती परत आली. पानापानावर लाल रेघा, जशी मिरची सांडलेली. चुका सुधारल्यात, पण खेचराचा मजकूर खोडलेला नाही. शेवटच्या पानाखाली मात्र लाल पेनात त्यांच्या वळणदार अक्षरात एक ओळ आहे: "खेचर मी लावलं होतं, हे खरं आहे. पण त्यावर बसलं कोण?"

अख्ख्या वहीत बिनचूक असं तेवढं एकच वाक्य आहे.